खांबाखालचं गाऱ्हाणं

मला देवाधर्माचं वावडं आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी बोंब मारू नये. घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. ड्युटीवर कानाला हेडफोन आणि ड्युटी सुटली की युनियनची पत्रकं. पत्रकांवर माझा हात असा बसला होता की मावशीला खुशालीचं पत्र लिहिलं तरी शेवटी ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपल्यावर राहील’ असं यायचं. तेव्हा टेलिफोनच्या खांबाखाली उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाबद्दल मी कधी चार चांगली वाक्यं लिहीन असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याच्याच हातात एक पत्रक कोंबलं असतं.

तो माणूस म्हणजे घाडीदादा. वसंत घाडी, लाइनमनच्या गँगचे मुकादम. मालवणकडचे. अंगाने काडी, आवाजाने ढोल. तरुणपणी दशावतारात राक्षस व्हायचे, तो राक्षस गळ्यात तसाच राहून गेला होता. खाकी शर्ट कडक इस्त्रीचा, मागे कॉलरला छत्री अडकवलेली, आणि मान कायम वर. दादा रस्त्याने चालताना रस्ता बघत नसत, तारा बघत. त्यामुळे चिखल, शेण, उघडं गटार, मुंबईच्या उपनगरात पायाखाली जे जे येतं त्या सगळ्यात त्यांचा पाय पडलेला होता. “ह्येंच्या चपला धुवून माझो जल्म गेलो,” असं वहिनी भांडुपच्या अख्ख्या चाळीला सांगायच्या.

माझी त्यांची गाठ पडली ती शिंदेमुळे. शिंदे आमच्याच खात्याचा लाइनमन. मुलुंडला एका गल्लीत तुटून लोंबणारी टेलिफोनची तार गुंडाळत होता. रोजचं काम. त्या तारेचं दुसरं टोक पुढच्या गल्लीत विजेच्या तारेवर पडलं होतं आणि ते ह्याला दिसत नव्हतं. शिंदे वाचला. उजवा हात मात्र कायमचा गेला. खात्याने खुलासा केला, ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.’ दोन शब्दांत माणूस गुंडाळला. तार गुंडाळायला ह्याहून जास्त वेळ लागतो.

ज्यांना ह्या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. टेलिफोनच्या तारेतही वीज असते, पण थोडी. बोटाला चुणचुणते. घंटा वाजत असली तर जरा सणसणीत झटका बसतो, लाइनमन हसतो आणि शिवी देतो. म्हणून आमच्या लोकांना तारेचं भय नव्हतं, उलट मिजास होती. बोट थुंकीने ओलं करायचं, तारेला टेकवायचं आणि ‘जिवंत’ का ‘मेली’ ते सांगायचं. टेस्टर खिशातून काढणारा तो कच्चा. हातमोजे घालणारा तर लाइनमनच नव्हे. पण त्याच रस्त्यावर, कधी कधी हातभर अंतरावर, विजेच्या उघड्या तारा गेलेल्या असत. झाडाची फांदी पडली, कोणी पतंगाचा मांजा ओढला, टेलिफोनची तार तुटून त्यांच्यावर जाऊन पडली, की ती टेलिफोनची राहत नाही. दिसायला मात्र तीच. ओल्या बोटाने तिला प्रश्न विचारलात तर उत्तर एकदाच मिळतं.

रबरी हातमोजे खात्याकडे होते. स्टोअरमध्ये, कुलपात. मी विचारायला गेले तर तिथले गृहस्थ म्हणाले, “ते इन्स्पेक्शनला दाखवायला ठेवलेत.” माणसं भाजत होती आणि मोजे पाहुण्यांच्या कपबशीसारखे कपाटात! माझं डोकं सणकलं. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं आणि वाटत वाटत घाडीदादांच्या गँगपर्यंत पोचले.

गँग एका खांबाखाली गोल उभी होती. सगळ्यांनी टोप्या काढलेल्या. दादांनी हात जोडले होते.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गँग एका सुरात.

“आज ह्या खांबार तावडे चढता. तेच्या हातात मोजे आसत?”

“व्हय म्हाराजा!”

“मोजे फुंकून बघलेले आसत?”

“व्हय म्हाराजा!”

“शिडी सुकी आसा? टेस्टर खिशात आसा?”

“व्हय म्हाराजा!”

“तारेचा दुसरा टोक कोणीतरी सोताच्या डोळ्यांनी बघलेला आसा?”

“व्हय म्हाराजा!”

कोकणात देवळात असं गाऱ्हाणं घालतात. एकाने देवापुढे मागणं मोठ्याने बोलायचं, जमलेल्यांनी दर मागण्याला होकार द्यायचा. दादांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. शिंदेला हॉस्पिटलात बघून आले त्याच्या दुसऱ्या सकाळपासून त्यांनी ते खांबाखाली सुरू केलं होतं. “देवळात माझो धाकलो भाव घालता, हय मी घालतंय,” ते म्हणत. “देव तोच. हय वायच उंचावर बसता.” गँगेत तेव्हा मोज्यांचा एकच जोड होता. स्टोअरच्या दारात ठाण मांडून तो दादांनी मिळवला होता. जो चढेल त्याच्या हातात तो. चढण्याआधी दादा स्वतः एकेका मोज्यात हवा भरत, मनगटाकडून गुंडाळत आणत आणि फुगलेला मोजा गालाला लावून बसत. कुठे बारीक भोक असेल तर गालाला वारा लागतो. मोजा गालाला लावलेले दादा लांबून तान्ह्याला झोपवणाऱ्या आजोबांसारखे दिसत.

मी पुढे झाले आणि पत्रक दिलं. त्यांनी ते हात लांब करून वाचलं.

“बाय, निषेध तीनदा लिवलंस.”

“हो. कमी पडला का?”

“मोजे एकदा पण नाय लिवलंस.”

“मोजे मागून मिळाले असते तर निषेध कशाला लिहिला असता, दादा?”

दादा हसले. ते हसले की खांबावरचे कावळे उडायचे. “ह्या पण बरोबर. मग असा कर. दोन निषेध काढ, थय मोजे लिव नि टेस्टर लिव. एक निषेध रवांदे. साहेबाक वायच वास येवक होयो.”

मी तसं केलं. दुसऱ्या पत्रकात कुलूप, कपाट आणि इन्स्पेक्शनची कपबशी, सगळं घातलं. ते पत्रक एक्स्चेंजच्या जिन्यात, कॅन्टीनमध्ये आणि साहेबांच्या गाडीच्या काचेवर लागलं. कुलूप उघडलं. प्रत्येक गँगला मोजे आणि टेस्टर मिळाले. मी पेढे वाटायच्या बेतात होते.

आणि आमच्या बहाद्दरांनी ते मोजे खुंटीला टांगून ठेवले! तावडे हा त्यांचा पुढारी. जुना, हुशार, खांबावर सरड्यासारखा चढणारा, आणि ओल्या बोटाचा मोठा अभिमानी.

“दादा, आता बांगड्या पण भरू काय?” तो म्हणाला. “मेंदी पण काढतो.”

“काढ रे मेल्या,” दादा म्हणाले. “जळलेल्या हातार मेंदी रंगत नाय, येवढा लक्षात ठेव.”

तावडेने मोजे घातले. घातले म्हणजे दादा बघत असेपर्यंत.

दादांचा हा सोस कामापुरता नव्हता. त्यांच्या चाळीत एक लग्न होतं. मी तिथे होते. नवरदेव स्टेजवर लोखंडी खांबाला टेकून ऐटीत उभा, त्याच खांबाला रोषणाईची वायर गुंडाळलेली, आणि वायरचा जोड उघडा. दादा अक्षता टाकायला पुढे गेले ते हातात अक्षता घेऊन वर बघत उभे राहिले. भटजी ‘सावधान’ म्हणताहेत आणि दादांचा राक्षस सुटला, “अरे नवऱ्या, तूच सावध हो! खाली उतर! बायको पळूची नाय, जीव पळतलो!” मुहूर्त टळला. वधूची आई रडायला लागली. जोडाला पट्टी लागल्याशिवाय दादांनी नवरदेवाला वर चढू दिलं नाही, आणि मग पंगतीत बसून चार जिलब्या जास्त खाल्ल्या.

पण गाऱ्हाण्याचं एक दुखणं होतं आणि ते दादांनीच पकडलं. एका सकाळी नेहमीचं चाललं होतं. मोजे आसत? व्हय म्हाराजा. टेस्टर आसा? व्हय म्हाराजा. त्याच सुरात, पापणी न हलवता दादा म्हणाले,

“माझी सासू खांबाच्या टोकार बसान विडी ओढता?”

“व्हय म्हाराजा!”

गँगने डोळे मिटून होकार दिला होता. मग एकेकाचे डोळे उघडले. कोणी फिसकन हसलं. दादा हसले नाहीत. त्यांनी तावडेला मोजे दाखवायला सांगितले. ते खुंटीलाच होते. टेस्टर दोघांकडे नव्हताच.

“सासू मरान धा वर्सां झाली रे माझी,” दादा म्हणाले. “तिका तुम्ही खांबार बसवलात. देवळात फुकटचा व्हय म्हटल्यार कोण मरत नाय. हय मरता.”

त्या दिवशी काम झालं नाही. दादा दिवसभर तंबाखू न खाता बसून होते. त्यांचं त्यांनाच कळून चुकलं होतं की आपण माणसांना होकार द्यायची आणखी एक सवय लावली.

त्यावर उतारा आला तो चेंबूरहून, बदलीवर. मिलिंद वाघमारे. तिशीचा, शर्टाच्या खिशाला पेन, डोळ्यात डोळे घालून बोलणारा. मूळ नगरकडचा, बौद्ध. पहिल्याच सकाळी गँग ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली आणि हा तोंड मिटून उभा.

दादा थांबले. “नवीन माणूस, तोंडात पान आसा?”

“तोंड मोकळं आहे. पण मी देवाला हो म्हणत नाही. माझ्या बापाने दीक्षा घेतली, तेव्हा घरादाराने वचन दिलंय.”

गँगेत चुळबूळ झाली. तावडे पुढे सरकला, “गँगेत राहायचं तर गँगेसारखं वागायचं ना यार. तू काय वेगळा लागून गेलास?”

“वेगळाच आहे. हातमोजे घातलेत मी. तुझे कुठेत?”

आता जुंपणार असं मला वाटलं. मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळासुद्धा जुळवला. दादांनी हात वर केला. वाघमारेकडे बराच वेळ, तार बघावी तसं, बघत राहिले.

“व्हय म्हणूचस नाय. बरा. नाय म्हणशीत?”

“नाही म्हणायला माझी कधीच ना नसते.”

“मग झाला तर! तू नाय म्हण.” दादांचा चेहरा उजळला. “ही सगळी मेंढरां व्हय म्हणूक शिकलेली. माका एक नाय म्हणणारो होयोच होतो. गाऱ्हाणा संपला की तू बघ. काय खटाकला तर मोठ्यान ‘नाय म्हाराजा’ म्हण. एक नाय इलो की सगळे खाली.”

“आणि का म्हणून विचारलं तर?”

“इचारूचाच नाय. कारण इचारल्यार भित्रो माणूस गप रवता. नाय म्हणजे नाय. कारण चाय पिताना.”

वाघमारेने विचार केला. “तुमचा देव रागावेल.”

“रागावलो तर माझ्यार रागावतलो. तू खाली उभो रव.”

असा नियम झाला. वाघमारेने पहिल्या दिवसांत तो चांगला पिळून घेतला. मोजे नाहीत, नाय म्हाराजा. शिडीचा पाय ओल्यात, नाय म्हाराजा. तावडे बोट ओलं करतोय, नाय म्हाराजा! तावडे जीव खाऊन शिव्या द्यायचा आणि खाली उतरायचा. पण सासू पुन्हा कधी खांबावर चढली नाही. काही दिवसांनी एक गंमत झाली. वाघमारे रजेवर होता त्या दिवशी तावडेनेच ‘नाय’ म्हटलं. त्याच्या मागच्या माणसाचा मोजा फाटका होता. म्हणून मोकळा झाला आणि स्वतःच लाजला.

हे असं सुरळीत चाललेलं खात्याला बघवेल तर ते खातं कसलं! दादांना नोटीस आली. कामाच्या वेळेत धार्मिक विधी करणे आणि कामाचा खोळंबा करणे. चौकशीत ठपका बसला तर दादांची रवानगी स्टोअरमध्ये आणि गँगेतली माणसं दहा दिशांना. वर आमच्याच युनियनचे एक पुढारी मला म्हणाले, “अगं, आपण पुरोगामी. बुवाबाजीची बाजू कशी घेणार?” माणूस भाजला तेव्हा ह्यांचं पुरोगामीपण कुठल्या कपाटात होतं? मी त्यांना तसंच विचारलं. मला देव मान्य नव्हता, आजही नाही. पण त्या खांबाखाली देवाला विचारतच कोण होतं? प्रश्न माणसांना होते आणि उत्तर माणसांना द्यायचं होतं. देव नुसता साक्षीला.

नोटिशीच्या उत्तराचा मसुदा घेऊन मी ड्युटी सुटल्यावर दादांना शोधत निघाले. घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या एका गल्लीत गँग होती. एका बड्या असामीचा फोन डेड. टेलिफोनची तार तुटून फांद्यांतून आणि विजेच्या तारांवरून लोंबत होती. असामीने वर फोन केलेला, म्हणजे शेजाऱ्याच्या घरून, म्हणून आमचे इंजिनिअर पाटणकर साहेब जीप घेऊन स्वतः आले होते. पाटणकर वाईट माणूस नव्हता. वरून दाब आला की खाली ढकलायचा, एवढीच त्याची नोकरी.

सगळं रीतसर झालं होतं. वीज कंपनीच्या माणसाने येऊन गल्लीची वीज बंद केली होती आणि तो तिथेच उभा होता. तावडेने टेस्टर लावला. काही नाही. गाऱ्हाणं झालं, दर प्रश्नाला खरा होकार आला. तावडे मोजे घालून शिडीवर चढला.

“नाय म्हाराजा,” वाघमारे म्हणाला.

तावडे खाली आला. पाटणकर जीपमधून उतरले.

“आता काय झालं? वीज बंद आहे, टेस्टर लावलाय. का नाही?”

“साहेब, कारण इचारूचा नसता,” दादा म्हणाले.

“घाडी, मला वर उत्तर द्यायचंय! तुमच्यावर आधीच नोटीस आहे. आज काम झालं नाही तर मी काही करू शकणार नाही. तुमची गँग उद्या राहणार नाही. कळतंय का?”

दादांनी एकदा माझ्या हातातल्या मसुद्याकडे बघितलं, एकदा गँगेकडे. त्यांना फक्त मान हलवायची होती. तावडे चढायला तयार होता. दादांनी छत्री कॉलरवरून काढली, जमिनीवर टेकवली.

“गँग ऱ्हवली नाय तरी माणसां ऱ्हवतली,” ते म्हणाले. “तावडे, मोजे काढू नको. चल, चाय.”

सगळे समोरच्या टपरीवर गेले. पाटणकर जीपला टेकून घड्याळ बघत राहिले. तावडे कुरकुरत होता, “वाघमाऱ्या, आजचा चहा तुझ्याकडून. फुकट उतरवलंस.”

“पाजतो. पण ती तार पलीकडे वळणामागे जाते. तिकडचं टोक तू बघितलंस, मी बघितलं नाही. तू म्हणतोस ती विजेच्या एकाच तारेला अडकलीय. मला दोन वाटतात.”

तेवढंच त्याचं कारण. त्याला नक्की काही माहीत नव्हतं.

उजेड उतरत चालला होता. आणि गल्लीतले रस्त्याचे दिवे लागले. एकामागून एक, वळणापासून आमच्याकडे.

फांदीत निळी ठिणगी उडाली. मग दुसरी. शिडीच्या पायाशी लोंबणारं तारेचं टोक गटाराच्या कडेला आपटलं, चर्र आवाज झाला आणि ते सापासारखं वळवळलं. वीज कंपनीचा माणूस ओरडत धावला. रस्त्याच्या दिव्यांची तार वेगळी असते. तिची वीज दुसरीकडून येते. दिवसभर ती मेलेली, संध्याकाळी जिवंत. त्याने घरांची वीज तोडली होती. दिव्यांची कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. ना त्याच्या, ना साहेबांच्या, ना दादांच्या.

तावडेच्या हातात चहाचा ग्लास होता, मोज्यात धरलेला. तो तार बघत होता. ती आत्ता त्याच्या हातात असती.

“वाघमारे,” तो शेवटी म्हणाला, “चहा माझ्याकडून.”

पाटणकर साहेब टपरीवर आले. “मला पण एक द्या,” म्हणाले आणि गँगेमध्ये बाकावर बसले.

चौकशी झाली. मी युनियनतर्फे बाजू मांडायला हजर होते आणि भाषण पाठ करून गेले होते. त्याची गरज पडली नाही. चौकशीच्या साहेबांनी आधी वाघमारेला घेतलं.

“तुम्ही बौद्ध ना? मग हा देवाचा विधी तुमच्यावर लादला जातो, अशी तुमची तक्रार नाही?”

“नाही साहेब.”

“म्हणजे तुम्ही त्यात सामील आहात?”

“सामील नाही. मी विरोधी पक्ष आहे. माझ्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “घाडी, ह्याला विधी म्हणायचं की काय म्हणायचं?”

“काय पण म्हणा, साहेब. नाव तुमचा, ‘नाय’ आमचो.”

मग पाटणकर उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी ती संध्याकाळ जशी घडली तशी सांगितली. स्वतः काय म्हणाले होते तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून तेवढी हिंमत नव्हती, हे कबूल करायला मला काही जात नाही.

नोटीस मागे घेतली गेली. वर परिपत्रक निघालं. विजेच्या तारांजवळ काम करण्याआधी वीज बंद करून घ्यावी, रस्त्याच्या दिव्यांसकट. साधनांची तपासणी सर्वांसमक्ष मोठ्याने बोलून करावी. आणि कोणत्याही एका कर्मचाऱ्याने हरकत घेतल्यास कारण न विचारता काम थांबवावं. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्या गँगना ते लागू झालं. परिपत्रकात त्याला ‘तोंडी तपासणी’ म्हटलं होतं. बोरिवलीच्या गँगेत अर्धे भय्ये होते, ते ‘हाँ महाराज’ म्हणायचे. अंधेरीत एक ख्रिस्ती मुकादम हे सगळं इंग्रजीत विचारायचा. पण ‘नाय म्हाराजा’ मात्र सगळीकडे तसंच राहिलं. ते शब्द कोणालाच बदलावेसे वाटले नाहीत.

दादांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, एक्स्चेंजच्या कॅन्टीनमध्ये. हार, नारळ, शाल, भाषणं. शिंदे आला होता. तेव्हा तो आमच्याकडे चौकशीच्या खिडकीवर बसायचा, डाव्या हाताने झकास अक्षर काढायचा. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. पाटणकर साहेब बोलले, मीही बोलले, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की एकदाही निषेध केला नाही.

मग सगळे ओरडायला लागले, “गाऱ्हाणं! गाऱ्हाणं!”

दादा उठले. हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! घाडी गेल्यार मोजे खुंटीक टांगशात?”

“नाय म्हाराजा!” छत हादरलं.

“साहेबाक घाई आसा म्हणान तारेक हात लावशात?”

“नाय म्हाराजा!” ह्यात पाटणकरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

“दुसरा टोक बघितल्याशिवाय शिडी चढशात?”

“नाय म्हाराजा!”

दादांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. शाल सावरली, बाकाखालची एक चप्पल पायात सरकवली.

“तर मग आता माका घराक जावक देशात?”

कोणी रुमाल शोधत होतं. वहिनी खाली बघत होत्या. आणि मागून, चहाच्या पातेल्याजवळून, एकट्याचा आवाज आला.

“नाय म्हाराजा.”

वाघमारे. हाताची घडी घालून उभा होता.

दादांनी तोंड उघडलं. का रे, असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण नियम त्यांचाच. तोंड मिटलं. एक चप्पल पायात, एक बाकाखाली, असे ते परत खुर्चीत बसले, नारळ मांडीवर घेतला, आणि सवयीने मान वर गेली. पंख्यावर नजर थांबली. कपाळाला आठी.

“ती पंख्याची वायर कोणी जोडल्यान रे मेल्यांनो?”

तावडे शिडी आणायला धावला. दारातून परत फिरला आणि दाराजवळच्या खुंटीवरचे आपले मोजे घेतले.